पाचवा अपघात

"शून्य," इंजिनिअर साहेब म्हणाले आणि त्यांनी फाईल आमच्याकडे फिरवली.

मला हसूच आलं. आमच्या शाळेतल्या कुंभार बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तरी ते थांबेना.

"साहेब, आमच्या घाणा चौकात? अपघात शून्य?"

"गेल्या बारा महिन्यांत शून्य. त्याच्या आधीच्या बारा महिन्यांतही शून्य. हे बघ पोलिसांचं पत्र, सही-शिक्क्यासकट. अख्ख्या शहरात असा सुरक्षित चौक दुसरा नाही. खरं म्हणजे तुमचं अभिनंदनच करायला पाहिजे."

"पण मी स्वतः पाहिलेत ना!"

"बेटा, तू स्वतः पाहिलंस ते या फाईलमध्ये कुठं आहे?"

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे, तेव्हा सातवीत होते. ‘आपला परिसर, आपला प्रश्न’ असा प्रकल्प होता आणि आमच्या गटानं घाणा चौकासाठी सिग्नल मागितला होता. चौक म्हणजे कारखान्याचा रस्ता आणि आमच्या शाळेचा रस्ता एकमेकांना छेदतात ती जागा. पूर्वी तिथं तेलाचा घाणा होता. गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर जोडून, स्पीकर फुल्ल लावून तिथून जातात. ट्रॅक्टर निघून गेला तरी मागचा ट्रेलर अजून चौकातच असतो, आणि त्याच्या मागून काय येतंय ते कुणालाच दिसत नाही. शाळेतली सहाशे पोरं रोज तोच रस्ता ओलांडायची.

सगळ्या वर्गानं दोन दिवस चौकात बसून वाहनं मोजली होती. उभ्या चार रेघा, पाचवी आडवी. माझ्या वहीची सात पानं भरली होती. साहेबांनी ती पानं भराभर उलटली.

"छान मोजलंय. पण नियमाला हा आकडा लागोपाठ आठ तास लागतो. तुमचा सकाळचे दोन तास भरतो, तोसुद्धा हंगामात. एप्रिलमध्ये याच चौकात मी कुत्री झोपलेली बघितलीत."

"मग दुसरा काही मार्ग?" बाईंनी विचारलं.

"दुसरा मार्ग अपघातांचा. एका वर्षात, एकाच चौकात, माणूस जखमी झालेले पाच अपघात. पोलिसांत नोंद झालेले. पाच दाखवा, मी उद्या प्रस्ताव पाठवतो."

"आणि चार असले तर?" मी विचारलं.

"चार असले तर चार असले," साहेब म्हणाले आणि त्यांनी फाईल मिटली.

जिना उतरताना दीपाली माझ्या दंडाला लोंबकळत होती. दीपाली सुतार, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. तिचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. प्रकल्पाची वही तिनं लिहायची आणि बोलायचं मी, असं आमचं ठरलेलं.

"समे, शून्य कसं गं? आपणच किती बघितलेत!"

कसं ते मला जिन्यातच कळलं होतं. सगळे अपघात आमच्या हॉटेलात मिटले होते.

हॉटेल म्हणजे चहाचं. चौकाच्या कोपऱ्यावर माझे वडील ते चालवतात. त्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, म्हणून मीपण अण्णाच म्हणते. चौकात कुणी कुणाला धडकलं की दोघांना अण्णांच्या बाकड्यावर बसवायचं, ही आजोबांच्या काळापासूनची पद्धत. जखम बांधायची, आरडाओरडा होऊ द्यायचा, मग अण्णा एकच चहा करायचे. अर्धा कपात, अर्धा बशीत. ज्याला लागलं त्यानं कपातून प्यायचा, ज्यानं धडक दिली त्यानं बशीतून. दोघांचा पिऊन झाला की अण्णा म्हणायचे, "मिटलं." त्यानंतर त्या गोष्टीबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. पोलीस नाही, कोर्ट नाही. कुणाचा पाय मोडलेला असो नाहीतर डोकं फुटलेलं असो. एकदा तर माणूस दवाखान्यात होता, तर अण्णा थर्मास आणि कपबशी घेऊन दवाखान्यात गेले होते.

"आपल्या चौकातलं एक प्रकरण चौकीत गेलेलं दाखव मला," असं अण्णा छाती पुढं काढून गिऱ्हाइकांना सांगायचे.

आणि बाकड्यापर्यंत ती कपबशी नेऊन द्यायचं काम सहाव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. त्यामुळे कोण, कधी, कुणाला धडकलं, याची चौकातली सगळ्यात पक्की नोंद कुणाकडे असेल? माझ्याकडे!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी जिन्यातच बोटं मोजायला लागले. गेल्या वर्षभरातल्याच कपबश्या, आणि माणूस जखमी झालेल्या. एक, दोन, तीन, चार.

"पाच," मी म्हणाले.

दीपाली पायरीवर थांबली. तिनंही मोजलं असावं. मग म्हणाली, "आधी चार तर करू."

एक सांगायला हवं. पाचवीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा इतकी हळू द्यायचे, की बाई मला गैरहजर लावायच्या. सहावीत काय झालं कुणास ठाऊक, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले आणि माझा आवाज सुटला तो सुटलाच. वर्षभर मी जे मागितलं ते बोलून मिळवलं. स्नेहसंमेलनाचं निवेदन, वर्गाचं मॉनिटरपद, सहलीला खिडकीची जागा. सिग्नलचं काय घेऊन बसलात!

पहिले आम्ही पोस्टमन चौगुले काकांकडे गेलो. दिवाळीच्या सुमारास उसाच्या ट्रेलरनं त्यांना सायकलसकट ओढलं होतं. दीपालीनं कोरा कागद आणि पेन आणलं होतं.

"तक्रार?" चौगुले काका म्हणाले. "अगं पोरींनो, चहा पिऊन बसलोय मी त्याच्यासंगं. गेल्या महिन्यात त्याच्या पुतणीच्या लग्नात जेवून आलोय. जिलेबी तीनदा वाढली त्यानं मला!"

"काका, उजवा हात वर करा."

"कशाला?"

"करा तर."

त्यांचा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. बायको दारात उभी होती, ती तिथूनच म्हणाली, "शर्ट मी घालते रोज. जिलेबी कोण घालतंय विचारा."

"तुमचा हात गेला तो गेला," मी म्हणाले. "उद्या त्याच ट्रेलरखाली सहाशे पोरांतलं एखादं गेलं, तर तेसुद्धा कपात चहा पिऊन मिटवायचं का?"

हे मी आदल्या रात्री पाठ केलं होतं. ‘कपात’ या शब्दावर आवाज खाली आणायचा आणि थांबायचं. काका थांबले. मग त्यांनी डाव्या हातानं सही केली, वेडीवाकडी, आणि म्हणाले, "अण्णांना सांगू नका."

बाहेर आल्यावर दीपालीनं माझे दोन्ही हात धरून मला गरागरा फिरवलं. "समे, तू नुसती बोललीस आणि झालं!"

आठवड्यात चार झाले. स्कूटीवरून पडलेली कॉलेजातली ताई, निवृत्त कारकून मोकाशी आणि चौथी गिरणीवाली काकू, जिनं आम्हाला आधी हाकलून दिलं आणि नंतर मागून हाक मारली. चारही अर्ज दीपालीनं लिहिले. ‘निष्काळजीपणे व भरधाव वेगाने वाहन चालवून’ ही ओळ तिला इतकी पाठ झाली होती, की ती शेवटी शेवटी गुणगुणतच लिहायची. चौकीत नवीन हवालदार मॅडम आल्या होत्या. पाटोळे मॅडम. त्यांनी कुंभार बाईंच्या शब्दावर चारही तक्रारी घेतल्या. त्या चार ड्रायव्हरांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

अण्णांना अर्थात कळलंच. चहाचं हॉटेल आहे ते, तिथं काय लपतं? त्यांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. फक्त म्हणाले, "बश्या माझ्या हातच्या होत्या, समिधा."

"अण्णा, लोकांचे हातपाय गेलेत."

"गेलेत. आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या दारात जातात अजून. तुझ्या सिग्नलनं जातील का?"

मला उत्तर येत होतं, पण गिऱ्हाईक आलं.

आता राहिला पाचवा. बाकीच्या कपबश्या एकतर वर्षापूर्वीच्या होत्या, नाहीतर नुसतं खरचटलेल्या. पाचवा एकच होता आणि तो कुठला, हे मला आणि दीपालीला जिन्यातच माहीत होतं. गेल्या वर्षी अकरा फेब्रुवारीला दूध संघाच्या टेम्पोनं शेवंतामावशीला उडवलं होतं. मावशी शाळेसमोर चिंचा-बोरं विकायची. तिचा खुबा मोडला. थर्मास घेऊन अण्णा दवाखान्यात गेले होते ते तिच्यासाठीच. तेव्हापासून ती घराच्या उंबऱ्यावर बसून असते.

टेम्पो शंकरकाका चालवत होते, दीपालीचे बाबा.

अकरा फेब्रुवारी उलटली की त्या अपघाताला वर्ष होणार, आणि मग तो मोजणीत धरणार नव्हते. चौथी तक्रार नोंदली त्या दिवशी फेब्रुवारीची तीन तारीख होती. तीन, चार, पाच असे तीन दिवस आम्ही दोघी पाचव्याबद्दल काहीच बोललो नाही. डबा खाताना मी साहेबांची नक्कल करायचे, ती हसायची, आणि दोघी दुसरीकडे बघायचो.

सहा तारखेला मीच म्हणाले, "दीपू, पाच दिवस राहिले."

"समे, नको ना."

"काय नको?"

"तुला माहितीये काय." तिनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "संघाचा नियम आहे. केस झाली की त्या ड्रायव्हरला गाडी देत नाहीत. बाबांना दुसरं काही येत नाही गं. आपण पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी पाच होतील आपोआप."

"म्हणजे आणखी पाच जण पडायची वाट बघायची?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालीस. मोकाशी काकांना धडकला त्याला पोरं नव्हती? त्याचा अर्ज लिहिताना तू गाणं म्हणत होतीस, दीपाली. दुसऱ्याचे बाबा चालतात, तुझे नाही चालत?"

हे मी पाठ केलेलं नव्हतं. आपसूक आलं. आणि मला आठवतंय, ते म्हणताना मला छान वाटलं होतं, कारण ते अगदी बिनतोड होतं. आजूबाजूच्या मुली बघत होत्या. तिनं डबा उचलला आणि ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. रिकामा डबा, पण तो तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

संध्याकाळी मी एकटीच शेवंतामावशीकडे गेले. अर्ज मीच लिहिला होता. अक्षर गचाळ आलं होतं.

"न्हाई," मावशी म्हणाली.

"मावशी, तू अजून धड उभी राहू शकत नाहीस."

"न्हाई राहत. म्हणून शंकरच्या पोटावर पाय देऊ? त्यो दवाखान्यात माझ्या खाटंजवळ बशी घेऊन बसला आणि रडला गं. घोट खाली उतरंना त्याच्या. अण्णा म्हणालं, शंकर, लक्ष कुठं होतं तुझं? तर म्हणाला, माझंच चुकलं. एवढंच. दर आयतवारी येऊन पाणी भरून जातो माझं. तू भरशील?"

"मी सहाशे पोरांसाठी..."

"मला नको सांगूस सहाशे. माझ्याकडची बोरं उधार खाल्लेली पोरं हायती ती, मला म्हाईत हायती किती." मग तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "तू व्हतीस की त्या दिवशी. तूच का देत न्हाईस तक्रार?"

ती टोमणा मारत होती. पण माझ्या डोक्यात दिवाच लागला. मी चौकीत जाऊन विचारलं, आणि पाटोळे मॅडम म्हणाल्या, "खबर कुणीपण देऊ शकतं. डोळ्यांनी बघितलेलं असलं म्हणजे झालं. उद्या बाईंना घेऊन ये."

सात तारखेला दुपारी चौकीत मी, कुंभार बाई आणि पाटोळे मॅडम. बाईंना वाटत होतं मी फार धाडसाचं काम करतेय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

"अपघात तू बघितलास?"

"हो."

"कुठून?"

"टेम्पोतून."

मॅडमचं पेन थांबलं. बाईंचा हात माझ्या पाठीवरच होता, पण तो जरा हलका झाला.

"आत बसली होतीस?"

"हो. पुढं. मी मध्ये, दीपाली खिडकीशी. शंकरकाका आम्हाला तालुक्याहून घरी आणत होते. संघात दूध पोचवून ते परत निघाले होते, म्हणून."

"बरं. मग सांग, ड्रायव्हर काय करत होता?"

अकरा फेब्रुवारी म्हणजे माझ्या वक्तृत्व स्पर्धेचा दिवस. माझ्या मांडीवर ढाल होती, पितळी, अजून घरी आहे. तालुका सुटल्यापासून मी टेम्पोत तेच भाषण करत होते. शंकरकाका खूश होते. दोनदा त्यांनी हॉर्न वाजवून मला दाद दिली. घाणा चौक जवळ आला तसे ते म्हणाले, "थांब गं समी, चौक जाऊ दे, मग शेवट सांग." पण शेवटच तर भारी होता. शेवटाला उजवा हात पूर्ण लांब करून, बोटं पसरून, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं होतं. परीक्षकांना तोच आवडला होता. मी म्हणाले, "काका, इकडं बघा ना! बघा!" आणि हात लांब केला. त्यांच्या तोंडासमोरून. ते हसत माझ्याकडे वळले. ब्रेकचा आवाज आधी आला की मावशीचा, ते मला कधीच नक्की सांगता आलेलं नाही. टोपलीतली बोरं काचेवर गारांसारखी वाजली. काका उतरायच्या आधी एवढंच म्हणाले, "दोघीपण आतच बसा. तुम्ही काही बघितलेलं नाही."

"सांग की," पाटोळे मॅडम म्हणाल्या.

"त्यांचं समोर लक्ष नव्हतं," मी म्हणाले. "ते बाजूला बघत होते."

"बाजूला काय होतं?"

"माहीत नाही."

"मोबाईल असणार," मॅडम म्हणाल्या. "हल्ली सगळ्यांचं तेच. मोबाईल होता का हातात?"

मी काही बोलले नाही. खरंच, एक शब्दसुद्धा नाही. मॅडमनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, मान हलवली आणि लिहिलं. पेनाचा आवाज येत होता. मला वाटतं, मी तोंड उघडलं असतं तर तिथंच थांबलं असतं सगळं. माझ्याइतकं चांगलं बोलणारं त्या चौकीत दुसरं कुणी नव्हतं.

शंकरकाकांना तासाभरात बोलावून आणलं. ते संघाच्या गणवेशातच आले, निळा शर्ट, खिशावर दुधाचा डाग. बाकावर मला बघून ते आधी हसले. "काय गं समी, तू इथं?" त्यांना वाटलं माझंच काही झालंय. "अण्णा बरे हायत न्हवं?"

"बसा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी जबाब वाचून दाखवला. तारीख, वेळ, ठिकाण. शेवंताबाई हिचा उजवा खुबा. ‘सदर इसम मोबाईलवर बोलत असल्याने त्याचे समोर लक्ष नव्हते.’

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तरी मला कळत होतं ते माझ्याकडे बघतायत. बराच वेळ बघत होते. मग त्यांची नजर माझ्या पाठीवर असलेल्या बाईंच्या हाताकडे गेली.

"काय हो सुतार? मोबाईलवर होतात?"

"व्हय," काका म्हणाले.

"नक्की? मान्य आहे?"

"पोरगी सांगती तसंच. तिनं कशाला खोटं सांगावं?" त्यांनी सही केली. पेन परत देताना त्यांनी मॅडमना विचारलं, "हिला परत यावं तर न्हाई ना लागणार? अभ्यास असतोय तिचा."

पाच झाले.

मी धावत हॉटेलात गेले आणि ओरडून सांगितलं, "अण्णा, पाच!" अण्णा किटलीतून चहा ओतत होते. त्यांनी तो ओतून पूर्ण केला, गिऱ्हाइकाला दिला, फडक्यानं टेबल पुसलं. मग म्हणाले, "उद्यापासून तू बाकड्यावर चहा द्यायचा नाहीस." तसंही नंतर कुणी बाकड्यावर बसायला आलं नाही. आता चौकात कुणी कुणाला धडकलं की आधी फोटो काढतात आणि मग एकमेकांच्या अंगावर जातात.

साहेब शब्दाला पक्के होते. प्रस्ताव गेला. काकांचं लायसन्स जमा झालं आणि दूध संघानं त्यांच्याकडची गाडी काढून घेतली. पण माणूस जुना म्हणून त्यांना अगदी काढून टाकलं नाही. त्याच टेम्पोवर, मागं, कॅन चढवायला-उतरवायला ठेवलं. गाडी चालवायला एक नवीन ड्रायव्हर आला. तो वळणावर गाडी जोरात घ्यायचा, आणि काका मागं कॅनांमध्ये दोन्ही हातांनी दोरी धरून उभे असायचे. शाळेत जाताना मला दिसायचे. मला बघितलं की ते एक हात सोडून मला हात करायचे. मी दप्तर नीट करत असल्यासारखं करायचे.

दीपाली वर्गात तीन बाकं सोडून बसायला लागली. सगळ्यांना वाटायचं आमचं भांडण अर्जामुळं झालंय. मुली माझ्या बाजूनं होत्या. "न्याय म्हणजे न्याय," असं त्यांना मीच समजावलं होतं. मला सारखं वाटायचं, आज ही सांगणार. टेम्पोत तीपण होती. तिनं माझा हात बघितला होता, मोबाईल नव्हता हे तिला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. मी रोज तिच्या तोंडाकडे बघत वर्गात यायचे. ती काही म्हणायची नाही. मग मला वाटायला लागलं की ती घाबरते. म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलायला लागले.

डिसेंबरात सिग्नल बसला, नवा हंगाम ऐन भरात असताना. उद्घाटनाला खुर्च्या मांडल्या होत्या, खांबाला झेंडूच्या माळा, ट्रॅक्टर दोन्हीकडून अडवून धरलेले. नगराध्यक्ष, साहेब, कुंभार बाई, सगळी शाळा. निवेदक माझं नाव घेत होता, "या सगळ्यामागे असलेली आपल्या शाळेची कन्या..." मी स्टेजच्या पायरीशी उभी होते, फेटा बांधून.

तेवढ्यात दीपाली रांगेतून निघाली आणि सरळ माझ्याकडे आली.

माईक दोन हातांवर होता. सगळी शाळा समोर होती. तिनं तोंड उघडलं असतं तर ते नगराध्यक्षांपर्यंत ऐकू गेलं असतं. आणि मी काय केलं सांगू? मी हनुवटी वर करून तिला म्हणाले, "बोल की. बोल काय बोलायचंय ते. हिंमत असेल तर माईकवर बोल."

दीपालीचा चेहरा अगदी साधा होता. रडका नाही, रागाचा नाही. ती माझ्या कानाशी आली.

"मी सांगणार होते," ती म्हणाली. "त्याच दिवशी. चौकीत यायला निघाले होते. बाबांनी दारातून धरून आणलं. म्हणाले, समीला काही बोलायचं नाही. कधीच नाही. ती लहान आहे अजून, आपल्यामुळं झालं हे तिला कळलं तर ती परत तोंड उघडणार नाही."

मग ती वळली आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

दीपाली माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे.

नगराध्यक्षांनी बटण दाबलं. लाल लागला, टाळ्या झाल्या. गर्दीच्या मागं, अडवलेल्या गाड्यांमध्ये, दुधाचा टेम्पोही थांबलेला होता, आणि त्याच्या मागच्या फळीवर निळा शर्ट घातलेला एक माणूस टाचा उंचावून स्टेजकडे बघत होता. साहेबांनी माईक माझ्या हातात दिला. "बोल बेटा."

मी एकदा रांगेकडे बघितलं. मग समोर.

आणि मी बोलले. सात मिनिटं, एकदाही न अडखळता. शेवटी मी उजवा हात पूर्ण लांब केला, बोटं पसरली, आणि सगळ्यात जोरात टाळ्या मागून, टेम्पोकडून आल्या.